चौघांची जोड

बोरबनवाडीत माणूस काय करतो हे एका शब्दात सांगता आलं पाहिजे, असा अलिखित कायदा आहे. मिलिट्रीत हाय. गलाईला हाय, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात कुठंतरी परमुलखात. डाळिंब हाय. मेंढरं हायती. आणि यातलं काहीच नसलं तर 'भरतीची तयारी करतोय' हे उत्तर इतकं सोयीचं, की त्यावर लग्न सोडून बाकी सगळं निभावतं. जोतीराम सरगरांची लेक माया मात्र एका शब्दात मावेना.

तिची आई धोंडुबाई सुरुवातीला सांगायची, "कम्प्युटरचं शिकलीया." झालं! लोक मोबाईल घेऊन दारात. कुणाचा आवाज गेलेला, कुणाचा पासवर्ड. एकदा ग्रामपंचायतीचा प्रिंटर बिघडला तेव्हा शिपाई मायाला घरातून बोलावून घेऊन गेला. मायानं प्रिंटरला पुढून पाहिलं, मागून पाहिलं आणि प्रामाणिकपणे सांगितलं, की यातलं मला काही कळत नाही. त्या दिवशी गावानं निकाल देऊन टाकला. पोरगी चेन्नईला जाऊन एवढं शिकली आणि साधा प्रिंटर येईना!

आता गावाला दोष तरी काय द्यायचा? मायाचं शिक्षण कम्प्युटरचं होतं खरं, पण त्यात कम्प्युटर फारसा लागतच नसे. कागद, पेन आणि फळा एवढ्यावर भागे. एखादं काम नेमक्या पायऱ्यांनी होतं का, होत असेल तर किती खटाटोपानं, आणि होतच नसेल तर ते पक्कं कसं दाखवायचं, याचं ते शास्त्र. त्यातही तिचा जीव अडकला होता जोड्या लावण्यात. पोरं आणि कॉलेजं, डॉक्टर आणि दवाखाने, किडनी देणारा आणि घेणारा. कुणाची कुणाशी सांगड घालावी म्हणजे मागाहून कुणी उठून जाणार नाही, हा तिचा विषय. सांगलीत विश्रामबागच्या कॉलेजात बीएस्सी करताना एका सरांनी तासभर हे शिकवलं आणि पोरगी कामातनं गेली. तिथून थेट चेन्नईच्या संस्थेत एमएस्सीला.

तेव्हा घरात मोठं रण झालं होतं. चुलते तात्याबा, एसटीत कंडक्टर म्हणून आटपाडी डेपोतून निवृत्त झालेले, घरातला सगळ्यात मोठा आवाज. ते म्हणाले, "तलाठ्याची परीक्षा दे म्हणावं. हितं ऱ्हा, लग्न करून दिऊ. चेन्नईला काय हाय?" धोंडुबाईनंही डोळ्याला पदर लावला. जोतीराम कोपऱ्यात बसून सुपारी कातरत होते. त्यांनी मान वर न करता म्हटलं, "जाऊ दे तिला." बस्स. विषय मिटला. तात्याबांनी उलट तिला मिरजेच्या स्टेशनवर सोडायला जायचं कबूल केलं.

जोतीरामांचा शब्द असा होता. त्याला कारणही होतं. डाळिंबाची बाग आणि थोडी मेंढरं सोडली तर त्यांच्याकडं दौलत म्हणून काही नव्हतं. पण गावच्या तालमीचे ते वस्ताद होते, आणि चैत्रातल्या बिरोबाच्या यात्रेला जे कुस्तीमैदान भरायचं त्यात जोड लावायचं काम त्यांचं होतं. पैलवानाची नजर, मान, पिंडरी बघून याला तो, असं ते बोट करत. पंचक्रोशीत त्यांच्या बोटाला कुणी नाही म्हटलं नव्हतं. मैदानात ज्याच्या शब्दाला वजन, त्याच्या शब्दाला घरातही वजन. त्याच वजनावर माया चेन्नईला गेली.

आणि त्याच वजनाला गेल्या चैत्रात तडा गेला.

माया तेव्हा चेन्नईत शेवटच्या परीक्षेला बसत होती. तिला फोनवर एवढंच कळलं, की मैदानात गोंधळ झाला, मोठी कुस्ती लागलीच नाही, आणि यात्रा कमिटीचे अध्यक्ष, निवृत्त सुभेदार लालासाहेब मोहिते, माईकवरून भर गर्दीत बोलले की वस्ताद आपल्या तालमीच्या पोराला सोपी जोड मिळावी म्हणून ताणतायत. जोतीरामांनी डोक्याचा फेटा काढून पंचांच्या टेबलावर ठेवला आणि चालत घरी आले. त्यानंतर ते तालमीकडं फिरकले नाहीत.

एमएस्सी घेऊन माया परत आली तेव्हा तिला घर ओळखू येईना. तात्याबांचा आवाज दुप्पट झालेला. आबा, म्हणजे जोतीराम, बागेत जात, येत, जेवत, निजत. बोलत नसत. कधी तोंड उघडलंच तर तात्याबा मध्येच तोडत आणि आबा तोडू देत. मायाला त्या गप्प बसण्याचा राग यायचा, आणि मग रागावल्याचं वाईट वाटायचं.

तिच्या पोटापाण्याचंही धड काही लागत नव्हतं. वर्गातली पांगली होती. एक मैत्रीण बंगळूरला गुप्त संकेतांच्या, म्हणजे बँकांचे निरोप चोरांना वाचता येऊ नयेत अशा कामात रमली होती. एकजण घरपोच माल देणाऱ्या कंपनीत गाड्यांचे रस्ते आखत होता. दोघं परदेशी गेले. माया विश्रामबागच्या आपल्याच कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवत होती. म्हणजे जेवढे तास तेवढा पगार आणि उन्हाळ्यात ठणठण गोपाळ. मधे पुण्याला मुलाखतीला जाऊन आली. तिथल्या साहेबांनी हजार कर्मचाऱ्यांच्या पाळ्यांचं कोडं घातलं. माया थोडा वेळ कागदावर खरडून म्हणाली, "सर, या अटी सगळ्या एकदम पाळता येणार नाहीत. का ते दाखवू?" साहेब हसले. म्हणाले, "मॅडम, आमच्याकडे न होणाऱ्या कामाचा पगार देत नाहीत."

फाल्गुनात चेन्नईला तिला शिकवणाऱ्या बाईंची मेल आली. पीएचडीला जागा आहे, शिष्यवृत्ती आहे, विषय तुझाच. वैशाख संपायच्या आत हो किंवा नाही कळव. त्याच आठवड्यात तात्याबांनी ओळखीपाळखीनं पुण्यातल्या एका कंपनीत टेस्टिंगची नोकरी जमवून आणली. दुसऱ्यांच्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधायच्या, कायम पगार, कंपनीची बस.

माया गावी आली ती सरळ बागेत. जोतीराम डाळिंबाचे फुटवे काढत होते. तिनं सगळं सांगितलं. पुण्याचं सांगितलं, चेन्नईचं सांगितलं. पाच वर्षं लागतील हेही सांगितलं. तिला फक्त तेच शब्द पुन्हा हवे होते. जाऊ दे तिला.

जोतीरामांनी कात्री खिशात ठेवली. म्हणाले, "तात्याला इचार."

मायाला एवढं मोठं दुःख याआधी झालं नव्हतं. नोकरीचं राहू दे, चेन्नईचं राहू दे; आपला बाप 'तात्याला इचार' म्हणतो, हे तिला सोसेना. बांधावर बसून ती लहान पोरीसारखी रडली.

पुढच्या आठवड्यात विश्रामबागेत बिरदेव भेटायला आला. हा जोतीरामांच्याच तालमीत वाढलेला पैलवान, आता सांगलीत राहून सराव करणारा. मान अशी की शर्टाचं वरचं बटण त्याला ठाऊकच नाही. धोंडुबाईनं पाठवलेली डाळिंबांची पिशवी त्यानं टपरीच्या टेबलावर ठेवली आणि दोन चहा सांगितले.

"बिरदेव, गेल्या वर्षी मैदानात झालं काय ते एकदा नीट सांग," माया म्हणाली. "भांडण नको सांगूस. आधी कोण कुणाजवळ गेलं ते सांग."

"आक्का, त्याचं आसं झालं," बिरदेव म्हणाला. "आपल्या गावची रीत तुला ठावं हाय."

रीत तिला ठाऊक होती. इतर गावांत मोठ्या कुस्त्या आधी ठरवून पोस्टरवर छापतात. बोरबनवाडीत तसं नाही. तिथं वस्तादानं मैदानातच जोड लावायची. पण हलगी कडाडेपर्यंत कुठल्याही दोन पैलवानांनी आपणहून एकमेकांच्या हातावर माती दिली, तर आधीची जोड मोडली आणि त्यांची लागली. पैलवानाच्या मनाविरुद्ध कुस्ती नको, म्हणून वाडवडिलांनी ही मुभा ठेवलेली. गावाला तिचा केवढा अभिमान!

"तर आमी चौघं उरलो," बिरदेव सांगू लागला. "इट्याचा मल्हार, मेढ्याचा शिवतेज, सांगलीचा साईराज आन् म्या. मल्हारला पायजे शिवतेज, कारन कराडात शिवतेजनं त्याला आस्मान दाखवलं हुतं. शिवतेजला पायजे साईराज, मोठं नाव म्हणून. साईराजला पायजे मल्हार, त्यांच्या तालमींचं जुनं वैर. आन् मी कुणालाच नगं. मी वयानं ल्हान. मला पाडलं तर नाव न्हाई, माज्याकडनं पडलं तर तोंड दावायला जागा न्हाई."

"आबांनी काय लावलं?"

"मल्हार-शिवतेज, साईराज-मी. तर शिवतेज उठला आन् साईराजच्या हातावर माती दिली. मग मल्हारला मी ऱ्हायलो. मल्हार गेला साईराजकडं, त्यानं घेतली. मग शिवतेजला मी. त्यो आला मल्हारकडं..."

मायाच्या हातातला कप तिरका झाला. चहा टेबलावर सांडला. तिनं त्याच सांडलेल्या चहात बोटानं तीन टिंबं काढली, एकाकडून दुसऱ्याकडं बाण ओढला, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडं, तिसऱ्याकडून पुन्हा पहिल्याकडं. चौथं टिंब बाजूला. हे चित्र तिनं चेन्नईत पहिल्याच महिन्यात वहीत उतरवलं होतं. त्याच महिन्याच्या परीक्षेत त्याची सिद्धता लिहून पैकीच्या पैकी गुण घेतले होते. तिच्या जन्माच्या कितीतरी आधी कुणीतरी सिद्ध केलेली ती गोष्ट होती, की असे चौघे एकत्र आले तर टिकणारी जोड नसतेच. लावणाऱ्याला सापडली नाही, असं नव्हे. नसतेच.

"आक्का, काय झालं गं?" बिरदेव घाबरला.

"बिरदेव, आबांची चूक नव्हती," माया म्हणाली, आणि टपरीवरच्या सगळ्यांदेखत तिला रडू फुटलं. बिरदेवनं काही न सुचून आणखी एक चहा सांगितला.

रविवारी ती बागेत चार डाळिंबं मांडून बापासमोर बसली. सगळं समजावलं. जोतीरामांनी नीट ऐकलं. त्यांना कळलंही, जोड्यांमध्ये आयुष्य काढलेल्या माणसाला न कळायला काय झालं? पण ते म्हणाले, "तू माजी लेक हाईस. म्हणून म्हंतीस."

"आबा, मी म्हणत न्हाई. हे असंच असतंय."

"डाळिंबं उठून जात न्हाईत, माया. मैदानात मानसं असत्यात. दुसरा कुनी असता तर लावली असती त्यानं." एवढं बोलून ते उठले. पाणी सोडायची वेळ झाली होती.

दुसरा कुणी असता तर! हा काटा होता तर. वर्षभर हा माणूस हेच उगाळत बसला होता, आणि तो काटा डाळिंबं मांडून निघणारा नव्हता. मायानं चप्पल घातली आणि ती थेट लालासाहेबांच्या बंगल्यावर गेली.

लालासाहेब म्हणजे वाईट माणूस नव्हे. फौजेत तीस वर्षं काढलेली, मिशा अजून परेडवर, कालव्याचं पाणी आल्यावर गावात पहिला ऊस त्यांचा. फक्त एकदा बोलले की शब्द मागं घ्यायची सवय नाही. पत्नी शालूबाईंनी मायाला पाणी दिलं. मायानं ते न पिताच सुरुवात केली.

"सुभेदारकाका, औंदा तुमी जोड लावा. त्याच चौघांची. त्याच रीतीनं."

"मी? का गं?"

"गेल्या वर्षी तुमी म्हणालात आबांनी मुद्दाम ताणलं. म्हंजे सरळ मनाच्या माणसाला ती लावता आली असती. तुमी लावून दाखवा. लागली तर मी मैदानात सगळ्यांम्होरं तुमच्या पाया पडंन, आणि चेन्नईचं नाव टाकून यात्रा सरली की सोमवारी पुण्याच्या नोकरीवर जाईन."

"आन् न्हाई लागली तर?"

"तर माईकवरनं जे बोललात, ते माईकवरनंच परत घ्यायचं."

लालासाहेबांनी मिशीला हात लावला. सुभेदाराला एका पोरीनं आव्हान द्यायचं आणि त्यानं मागं सरायचं, हे घडणारच नव्हतं. "ठरलं," ते म्हणाले. आतून शालूबाई म्हणाल्या, "आवं, इचार तरी करा." पण तोवर माया पाणी पिऊन उठली होती.

आता एक गोष्ट वाचकाला सांगितली पाहिजे. सिद्धांत खोटा पडत नाही. पण माणसं बदलतात. ज्याला जो हवा होता त्याला वर्षभरानं तोच हवा असेल, याची हमी कुठल्या शास्त्रात नाही. यात्रेच्या आदल्या दिवशी बिरदेवनं बातमी आणली, की फलटणकडच्या एका मैदानात मल्हार आणि शिवतेजची कुस्ती होऊन गेली. निकाल त्याला माहीत नव्हता. मल्हारनं सूड घेतला असेल तर त्याला शिवतेजची भूक राहिली नसेल. एक बाण वळला, की सगळं चक्र मोडलं, जोड गुमान लागणार आणि आबा कायमचे कोपऱ्यात. पैलवानांना जाऊन विचारणं तिला अशक्य नव्हतं. पण तो दगा झाला असता, आणि दग्यानं धुतलेलं नाव तिला नको होतं. तिनं विचारलं नाही.

यात्रेदिवशी ऊन उतरल्यावर मैदान भरलं. माळाच्या उतारावर माणूस माणसाला चिकटून बसलेला, खाली तांबड्या मातीचा हौदा, हलगीवाले कातडं शेकून तयार. लहान-मोठ्या कुस्त्या झाल्या, पोरींच्याही दोन झाल्या. मग चौघं मातीत उतरले. लालासाहेब फेटा नीट करून मधे आले. माया पंचांच्या टेबलाजवळ उभी होती. तिनं गर्दीवरून नजर फिरवली. वरच्या बांधावर, बाभळीला टेकून, बोडक्या डोक्यानं जोतीराम उभे होते. धोंडुबाईनं कशीबशी गळ घालून आणलं होतं.

"मल्हार-शिवतेज! साईराज-बिरदेव!" लालासाहेबांनी दणक्यात बोट केलं.

शिवतेजनं वाकून माती उचलली आणि सरळ साईराजकडं गेला. साईराजनं एकदा बिरदेवकडं बघितलं आणि हात पुढं केला. जोड मोडली. गर्दीत कुजबूज.

"बरं, तसं तर तसं," लालासाहेब म्हणाले. "शिवतेज-साईराज. मल्हार-बिरदेव. वाजवा..."

हलगीवाल्यानं टिपरू उचललं तोच मल्हार साईराजजवळ पोचला होता. जुनं वैर ते. साईराजनं शिवतेजचा हात सोडून त्याची माती घेतली. आता हसायला सुरुवात झाली. लालासाहेबांनी कपाळ पुसलं. उरला शिवतेज, त्याच्या वाट्याला बिरदेव.

आणि आता तो घोटाळ्याचा बाण. शिवतेज माती घेऊन मल्हारसमोर उभा राहिला. मल्हार त्याच्याकडं बघत राहिला. सगळं मैदान बघत राहिलं. मल्हार हलेना. मग तो मोठ्यानं म्हणाला, "फलटणला येळ संपला म्हणून सुटलास गड्या. आज न्हाई सोडत!" आणि त्यानं शिवतेजच्या तळव्यावर असा हात आपटला की माती उडाली.

म्हणजे पुन्हा मल्हार-शिवतेज आणि साईराज-बिरदेव. जिथून निघाले तिथंच! आणि शिवतेज लगेच मान वळवून साईराजकडं बघू लागला. मैदान खदखदून हसलं. कुणीतरी ओरडलं, "सुभेदार, आपल्या पोराला सोपी जोड बघताय व्हय?" हसणं दुप्पट झालं. लालासाहेबांचा चेहरा तांबडालाल.

पण ते फौजी होते. त्यांनी माईक उचलला आणि मायाच्या हातात दिला. "सांग बाई. काय हाय हे?"

वर्गात शेकडो तास घेतलेल्या मायानं माईक तोंडाशी धरला. ती म्हणाली, "चौघांच्या जोड्या लावायच्या तीनच तऱ्हा हायत. तिन्ही तुमी आता बघितल्या. तिन्हींत दोघं असे निघत्यात, की ते उठून एकमेकांकडं जाणारच. चौथी तऱ्हा न्हाई. आपली मातीची रीत आन् ह्या चौघांची मनं, दोन्ही धरली तर टिकणारी जोड सुभेदारकाकांना लागणार न्हाई, मला लागणार न्हाई, दिल्लीवरनं पंच आणला तर त्यालाबी लागणार न्हाई. गेल्या वर्षी आबांनी ताणलं नव्हतं. जे नव्हतंच, ते ते शोधत हुते."

हसणारे सगळे आता चौघांकडं आणि मग एकमेकांकडं बघू लागले. न होणाऱ्या कामाचा पगार मिळत नसेल, पण ते होत नाही हे दाखवून दिल्यावर एवढी माणसं अशी शांत बसतात, हे मायानं पहिल्यांदा पाहिलं.

"मग कुस्ती लावायची कशी?" लालासाहेबांनी विचारलं.

"त्याला गणित नको. ह्या चौघांपुरती मातीची मुभा उचला आन् एका माणसाचा शब्द शेवटचा धरा. कुणाचा, ते गावानं ठरवायचं."

लालासाहेबांनी माईक परत घेतला. "मंडळी, गेल्या साली ह्याच माईकवरनं म्या वस्तादांना बोललो. त्यो शब्द म्या परत घेतो. चुकलो." एवढं म्हणून ते थांबले नाहीत. माईक टेबलावर ठेवून, उतारावर बसलेल्या माणसांतून वाट काढत ते वर बांधापर्यंत गेले, आणि आपल्या डोक्याचा फेटा उतरवून त्यांनी जोतीरामांच्या डोक्यावर ठेवला. "आवं वस्ताद, चला. तुमचाच शब्द शेवटचा."

हलगी कुणी वाजवायला सांगितली नव्हती. ती आपोआप कडाडली. जोतीराम खाली येताना दोन्ही बाजूंची माणसं उठून उभी राहत होती. ते हौद्यात उतरले, चौघांसमोर उभे राहिले, आणि बोट केलं. "मल्हार-शिवतेज. साईराज-बिरदेव." गेल्या वर्षीचीच जोड, अक्षर न बदलता. चौघांनी वाकून त्यांच्या पायाची माती घेतली.

मल्हारनं शिवतेजला घुटना डावावर चीतपट केलं आणि कराडचा हिशेब चुकता झाला. खरी कुस्ती झाली ती साईराज आणि बिरदेवची. कुणालाच नको असलेल्या त्या पोरानं सांगलीच्या मोठ्या नावाला दमवत दमवत घिस्सा डाव मारला आणि पाठ मातीला लावली. गुलालानं माळ लाल झाला. बिरदेवला खांद्यावर घेतलं तेव्हा त्यानं वरूनच जोतीरामांकडं बघून हात जोडले.

गर्दी पांगताना जोतीराम लेकीजवळ आले. डोळ्यांत गुलाल गेला होता की काय, ते फेट्याच्या शेवानं पुसत होते.

"मला वरीसभर वाटत हुतं," ते म्हणाले, "माज्याच्यानं झालं न्हाई."

"कुनाच्यानंच झालं नसतं, आबा."

"व्हय," ते म्हणाले. "आज बघितलं." आणि त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. मायाला वाटलं, की आजवर मिळवलेले सगळे गुण, सगळ्या पदव्या या एका हाताखाली आल्या. तिला अतिशय आनंद झाला होता आणि तो लपवायचं तिला काही कारण नव्हतं.

संध्याकाळी सरगरांच्या अंगणात बसायला जागा नव्हती. लालासाहेब आणि शालूबाई आले, तालमीतली पोरं आली, बिरदेव आला. तात्याबा चार वाट्या मांडून येणाऱ्या प्रत्येकाला सिद्धांत समजावत होते, आणि वाट्या चुकीच्या सरकवून स्वतःच गोंधळत होते. बिरदेव म्हणाला, "तात्या, मी ह्या वाटीत न्हाई, त्या वाटीत." धोंडुबाईनं मोठं पातेलं चढवलं होतं. जेवणं झाली, पानं लागली. मग कुणीतरी विचारलंच, "पर आता म्होरं पोरीचं काय?"

तात्याबांनी घसा खाकरला. "म्होरं म्हंजे, पुण्याची कंपनी हाय. सोमवारी..."

"माया चेन्नईला जाईल," जोतीराम म्हणाले.

सुपारी कातरता कातरता, मान वर न करता म्हणाले. तात्याबांनी भावाकडं पाहिलं. मायाकडं पाहिलं. पान तोंडात टाकलं.

"मिरजेवरनं बंगळूर, आन् तिथनं म्होरं चेन्नई," ते म्हणाले. "रिझर्वेशन म्या बघतो."